सहा व्होल्टचं परमिट

“परमिट घेतल्याबिगर हात लावायचा न्हाई,” बाबा म्हणाले.

मी सतरंजीवर बसले होते आणि माझ्यासमोर वर्तमानपत्रावर रोबो होता. म्हणजे व्हायचा होता. दोन पिवळ्या मोटारी, दोन काळी चाकं, पुढं लावायचं एक बारकं चाक, स्क्रूंची पुडी, दोन सर्किट बोर्ड आणि एकमेकींत गुंतलेल्या वायरींचा जुडगा, एवढंच सामान होतं.

“कसलं परमिट?”

“लाइनीवर काम करायचं.”

“बाबा, ही कुठली लाइन? खेळण्यातली गाडी हाय. चार पेन्सिल सेल. सहा व्होल्ट.”

“लाइनीला व्होल्ट इचारून हात लावत न्हाईत,” असं म्हणून त्यांनी चारही सेल उचलले आणि शर्टाच्या खिशात टाकले.

माझे वडील हणमंत तोडकर वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते, तेही मुदतीच्या सहा वर्षं आधी. कारण गुडघा, असं घरात सांगितलं जाई. तो गुडघा दुखताना मला कधी दिसला नाही. पण घरी आल्यापासून त्यांनी एक नेम धरला होता. कुठलंही बटण ते बंद करत, चालू कधीच करत नसत. दिवा, पंखा, टीव्ही, देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब, सगळ्यांना एकच नियम. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अंधारात बसत आणि आईला हाक मारत, “अगं, लाइट लाव.” बटण त्यांच्या डोक्यामागं वीतभर अंतरावर असे. एकदा शेजारचे तातोबा अण्णा त्यांच्याशी अर्धा तास अंधारात उसाबद्दल बोलत बसले, आणि दुसऱ्या दिवशी हणमंता महाचिंगूस आहे असं पारावर सांगून आले. कुणी विचारलंच तर बाबा म्हणत, “जलमभर लोकाच्या घरात लाइट लावली. आता माझ्यासाठी कुणीतरी लावा.” उत्तर इतकं चोख होतं की नऊ वर्षांत आम्ही दुसरं मागितलं नाही. असतं एकेकाचं खूळ, म्हणून मी सोडून दिलं होतं.

रोबो माझ्या गळ्यात पडला त्याला कारण कुरणे सर. मी गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि कुरणे सर आमचे मुख्याध्यापक. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं ते किट शाळेला भेट दिलं होतं. कुरणे सरांनी खोकं कपाटात ठेवलं, दसऱ्याला बाहेर काढून त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि परत कुलपात घातलं. आठ महिन्यांत त्या खोक्याची तीनदा पूजा झाली होती. उघडलं मात्र एकदाही नव्हतं. मग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. त्यात शिक्षकांचाही एक गट होता, आणि आमच्या शाळेकडं दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

माझी कच्च्या नोकरीची तीन वर्षं जानेवारीत संपणार होती. त्याच वर्षी संस्थेच्या सचिवांचा पुतण्या, प्रसन्न मगदूम, शाळेत चिकटला होता आणि त्याला विज्ञान हवं होतं. सचिवांनी मला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं, “हे बघा बाई, यंत्राचं काम आहे. चाललं तर विज्ञान तुमच्याकडं. नाही चाललं तर प्रसन्न बघेल. तुम्हाला शिवण आणि चित्रकला देऊ. बायकांना ते बरं पडतं.”

मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. खोकं घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आणलं. मदत मागायला घरात एक लाइनमन होता, आणि तो परमिट मागत होता.

“बरं, द्या परमिट,” मी म्हटलं.

बाबांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून त्यांचं पॅड शिवून ठेवलं होतं. मध्ये कार्बन घातला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं. परमिट क्रमांक एक. काम, मोटार बसवणे. माणसं, एक. हत्यारं, स्क्रूड्रायव्हर एक, चिमटा एक, कात्री एक. लाइन बंद केली आहे. खाली वेळ आणि सही. एक प्रत मला दिली.

“काम झालं की ह्याच्यामागं लिहून परत करायचं. मगच लाइन सोडायची, करंट चालू करायचा.”

“सोडणार कोण? तुम्ही?”

“तुझी आई,” बाबा म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सेल तिच्या हवाली केले.

मला वाटलं, आई आता दोघांनाही हाकलून देईल. ती पोळ्या लाटत होती. तिनं हात पुसले, परमिटाची दुसरी प्रत नीट वाचली, घडी घालून मोहरीच्या डब्याखाली ठेवली आणि सेल डब्यात टाकले. हसली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी स्क्रू शोधत होते.

अशी आमची दिवाळी गेली. मी बाहेरच्या खोलीत स्क्रू आवळायचे, बाबा खुर्चीवरून बघायचे आणि स्वयंपाकघर हे सबस्टेशन. काम झालं की मी कागद घेऊन आत जायचे. आई तो वाचायची आणि माझ्याकडं बघून विचारायची, “माणसं उतरली का?”

“आई, माणूस मी एकटीच हाय, आणि तुझ्यासमोर उभी हाय.”

“माणसं उतरली का?”

“उतरली.”

मगच सेल मिळायचे. एकदा मोजताना कात्री भरेना. आईनं सेल द्यायला साफ नकार दिला. तव्यावरची पोळी करपली, तरी ती जागची हलली नाही. शेवटी कात्री माझ्याच मांडीखाली सापडली. “ही वर ऱ्हायली असती म्हंजे?” ती म्हणाली. सतरंजीवरची कात्री कशाच्या वर राहिली असती, ते मी विचारलं नाही.

रोबो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा तो जागच्या जागी गोल फिरायला लागला. बोर्डात प्रोग्राम आधीच भरलेला होता. खाली लावलेल्या सेन्सरांनी पांढऱ्या कागदावरची काळी पट्टी ओळखायची आणि गाडीनं पट्टीवरून चालायचं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या गाडीला पट्टीशी काही देणंघेणं नव्हतं.

“परदक्षिणा घालतोय,” आई दारातून म्हणाली. “नारळ फोडून झालाय न्हवं शाळंत?”

मी पुस्तिका चार वेळा चाळली. बाबांनी खुर्चीतून मान वर न करता सांगितलं, “एक मोटार उलटी फिरतीया. तिच्या दोन वायरी अदलाबदल कर.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पिठाच्या गिरणीची मोटार उलटी फिरली तरी हेच करत्यात. आधी परमिट घे.”

सहावं परमिट घेतलं. वायरी बदलायला माझी बोटं चालेनात, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले आणि त्या दुखऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या गुडघ्यावर तासभर बसले. वायरीचं टोक सोलायचं, तारा पिळायच्या, ओढून बघायच्या, टेप गुंडाळायची. त्यांची बोटं जाड होती पण कुठं चुकत नव्हती. मी लहान असताना ते विजेच्या पोस्टावर, खांबाच्या टोकाशी, चढलेले बघायला मला फार आवडायचं. इतक्या वर्षांनी ते पुन्हा कामात रमलेले दिसत होते, त्यामुळं मला परमिटाचाही राग येईनासा झाला. सगळं जोडून झाल्यावर मी म्हटलं, “बाबा, एवढं केलंय, तर बटणही तुम्हीच लावा.”

ते उठले, हात झटकले आणि आत बघून म्हणाले, “अगं, लाइन सोड.”

त्या दिवशी रोबो काळ्या पट्टीवरून तीन फेऱ्या चालला. सुट्टी संपेपर्यंत एकूण सोळा परमिटं झाली.

प्रदर्शनाला आई आली नाही, तिला दळण होतं. बाबा आले. एसटीत त्यांनी खोकं वर ठेवू दिलं नाही, सगळा रस्ता मांडीवर धरून बसले. बरोबर परमिटाचं पॅड होतं आणि पुठ्ठ्याची एक पाटी होती. तिच्यावर त्यांनी लाल रंगात लिहिलं होतं, ‘माणसे काम करीत आहेत’. वर अडकवायला सुतळी.

“ही पाटी तरी पिशवीत ऱ्हाऊ दे, बाबा. लोक हसतील.”

“हसू देत.”

हॉलमध्ये आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. पांढरा कागद पसरला, पट्टी चिकटवली, एक फेरी करून बघितली. गाडी शहाण्यासारखी चालली. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात कुरणे सर पूजेचं ताट घेऊन आले.

“सर, आता कशाला?”

“अहो, चार लोकांसमोर चाललोय. देवाचं नाव घ्यायला नको?”

त्यांनी रोबोला हळद लावली, कुंकू लावलं आणि डोळे मिटून मूठभर अक्षता टाकल्या. मी आडवा हात घातला, पण अर्ध्या अक्षता गेल्याच. सर समाधानानं निघून गेले. मी कागद झटकला, तांदूळ वेचले आणि गाडी पुन्हा सुरू केली. उजवं चाक कट्‌ असं वाजलं आणि अडकलं. डावं चाक एकटंच फिरत राहिलं. परीक्षक तीन टेबलं पलीकडं होते आणि त्यांच्याबरोबर आमचे सचिव आणि मगदूमही होते. शिवण आणि चित्रकला मला स्पष्ट दिसायला लागली.

“तांदूळ गेलाय आत,” बाबा वाकून म्हणाले.

मी बोट घालणार होते. का कोण जाणे, थांबले आणि म्हटलं, “परमिट द्या.”

बाबांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग गाडीचं बटण बंद केलं, ते त्यांना चालत असे. सेल टेपनं घट्ट बांधलेले होते, ते काढायला वेळ नव्हता. त्यांनी पाटी बटणापाशी अडकवली आणि सतरावं परमिट लिहिलं. काम, तांदूळ काढणे. मी टेबलाशी गुडघ्यावर बसले, चाक आणि चौकट यांच्या फटीत एक बोट घालून चाक ताणून धरलं आणि दुसऱ्या हातातला चिमटा आत घातला. तांदूळ दिसत होता, पण चिमट्यात येत नव्हता.

“काय बाई, बंदच आहे वाटतं?” सचिवांचा आवाज आला. परीक्षक पोचले होते.

“एक मिनिट, सर.”

“अहो, चालूच केलेलं नाही हिनं,” मगदूम हसत म्हणाला. त्यानं पुठ्ठ्याची पाटी उचलून बाजूला टाकली आणि बटणावर अंगठा ठेवला.

“हात काढ! माणूस वर हाय!”

एवढा मोठा आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता. पोस्टाखालून वरच्या माणसाला ऐकू जावा असा तो आवाज होता. सगळा हॉल आमच्याकडं वळला. बाबांनी मगदूमचं मनगट धरलं होतं आणि ते सोडत नव्हते.

“कोण वर आहे?” मगदूमनं छताकडं बघत विचारलं.

कुणीतरी फसकन हसलं. सचिवांचा चेहरा लाल झाला. “बाई, हे कोण गृहस्थ?”

सहा व्होल्ट, बाबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. फार तर चाक फिरून बोटाला चिमटा बसला असता. पण मी बाबांच्या तोंडाकडं बघितलं. ते मगदूमकडं बघत नव्हते, माझ्याकडंही बघत नव्हते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्यांची भीती वाटली नाही, त्यांच्यासाठी वाटली.

“बाबा,” मी म्हटलं, “मी हाय वर. परमिट माझ्याकडं हाय. काम चालू हाय. लाइन बंदच हाय.”

थोड्या वेळानं त्यांनी मनगट सोडलं.

मग मी घाई केली नाही. परीक्षकांपैकी एक घड्याळाकडं बघत होते, त्यांना बघू दिलं. तांदूळ काढला, टेबलावर ठेवला. परमिट पालथं करून लिहिलं. माणूस एक, खाली. चिमटा एक, खाली. तांदूळ एक, बाहेर. लाइन सोडायला हरकत नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटं. सही करून कागद बाबांना दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “हात दाव.”

मी दोन्ही हात वर केले. त्यांनी ते बघितले. दहाही बोटं मोजली, असं मला वाटलं. आई इथं नव्हती, म्हणून बटण लावायला मीच हात पुढं केला.

“थांब,” बाबा म्हणाले.

त्यांनी अंगठा बटणावर ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला. सचिव काहीतरी बोलणार होते, पण घड्याळ बघणाऱ्या परीक्षकांनीच त्यांना हातानं थांबवलं. मग बाबांनी बटण लावलं.

रोबो चालला म्हणतात. दोन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि वळणावर एकदाही पट्टी सोडली नाही, असं नंतर कुरणे सरांनी सांगितलं. मी रोबोकडं बघितलंच नाही. मी बाबांच्या अंगठ्याकडं बघत होते. गाडी निघून गेली तरी तो हवेत तसाच होता.

आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, ‘सुरक्षिततेची शिस्त उल्लेखनीय’. विज्ञान माझ्याकडं राहिलं. मगदूमच्या मनगटावर चार बोटं उठली होती, ती त्यानं आठवडाभर सगळ्यांना दाखवली. पुढच्या वर्षी वडिलांना आणू नका, एवढं मात्र सचिवांनी मला बजावलं.

परतीच्या एसटीत खोकं पुन्हा बाबांच्या मांडीवर होतं. अर्धा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते.

“दिनू ऐवळे म्हणून हुता एक,” ते म्हणाले. “जतकडं असताना.”

मी बारावीत होते तेव्हा बाबांची बदली तिकडं झाली होती. पंधरवड्यातून एकदा घरी यायचे. त्याच वर्षी गुडघ्याचं दुखणं निघालं होतं.

“मी सबस्टेशनला हुतो. एका लाइनीवर दोन परमिटं दिली हुती मी. एक परत आलं. दुसरं आलं न्हवतं, त्याची माझ्याकडची प्रत टेबलावरच हुती.” त्यांनी मांडीवरचं खोकं सरळ केलं. “तिच्यावर च्याचा कप ठिवला हुता. मीच.”

कंडक्टर मागून पुढं गेला.

“इचारायचं असतंय. माणसं उतरली का. तीन शब्द. रोज इचारत हुतो. त्या दिवशी इचारलं न्हाई. लाइन सोडली.”

“आणि दिनू?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“वर हुता.”

“गुडघा?”

“गुडघ्याला काय धाड भरलीया.”

“आईला म्हाईत हाय?”

“तिलाच म्हाईत हाय.”

नऊ वर्षं मी ह्या माणसाच्या बटणावरून हसत आले होते. पारावरच्या चिंगूसपणाच्या गोष्टी मी मैत्रिणींना रंगवून सांगितल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी खोकं एका हातानं धरलं आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. गाव येईपर्यंत तसाच ठेवला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. बाहेरच्या खोलीत अंधार होता. आई आत मागच्या दाराच्या उजेडात कणीक मळत होती. बाबांनी चपला काढल्या. मी सवयीनं बटणाकडं हात नेला.

“थांब.”

ते खुर्चीत बसले नाहीत. भिंतीपाशी गेले आणि बटणावर हात ठेवला. मग आत तोंड करून हाक मारली.

“अगं.”

“काय?”

“माणसं उतरली का?”

परातीचा आवाज थांबला. मग आई दारात आली, दोन्ही हात कणकेनं भरलेले. तिनं बाबांकडं बघितलं, बटणावरच्या हाताकडं बघितलं, माझे डोळे बघितले.

“उतरली,” ती म्हणाली. “समदी उतरली. लावा आता.”

बाबांनी बटण लावलं. दिवा लागला नाही. त्या वर्षी आमच्याकडं रोज भारनियमन असे आणि लाइट सहालाच गेलेली होती. आईला ते माहीत होतं. तिनं सांगितलं नव्हतं.

“साडेसातला येती,” ती आता म्हणाली.

“येऊ दे,” बाबा म्हणाले. “बटण चालू ऱ्हाऊ दे.”

आम्ही तिघं तिथंच बसलो. आईनं हातसुद्धा धुतले नाहीत. साडेसातला दिवा लागला. कुठल्या तरी सबस्टेशनात कुणीतरी विचारून लाइन सोडली असणार.